भूलभुलैया आणि स्वरलिपी

लखनौच्या बडा इमामबाड्यातील भूलभुलैयात शिरलेला पर्यटक वाटाड्याची साथ सोडण्यास धजत नाही. नवाब असफउद्दौला यांनी १७८४ मध्ये, दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून, ही वास्तू बांधण्यास घेतली. तिच्या विशाल दालनात आधाराला एकही खांब नाही. छताचा भार हलका राहावा म्हणून वर अरुंद वाटांचे हे जाळे ठेवले गेले, असे सांगितले जाते. म्हणजेच त्या वाटा इमारतीच्या सोयीच्या आहेत, चालणाऱ्याच्या नव्हेत.

अनेक संकेतस्थळांची रचनाही अशीच असते. संस्थेत जितके विभाग, तितके दरवाजे. ग्राहकाला मात्र विभागांशी कर्तव्य नसते. त्याला धनादेशपुस्तिका हवी असते, मुदत ठेवीचे नूतनीकरण करायचे असते किंवा हरवलेले कार्ड तत्काळ बंद करायचे असते. ती सोय कोणत्या पानावर दडली आहे, हे शोधता शोधता त्याची उमेद संपते.

यात केवळ वेळ वाया जात नाही. वाट सापडली नाही, की वयोवृद्ध ग्राहक वाटाड्या शोधतो आणि पासवर्ड व ओटीपी परक्याच्या हाती सोपवतो. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ ही सूचना योग्यच आहे. परंतु ती पाळता येईल इतकी सोपी रचना देणे, ही सूचना देणाऱ्याचीच जबाबदारी ठरते. काहींसाठी तर दारच बंद असते. डिजिटल केवायसीसाठी डोळ्यांची उघडझाप करून दाखवण्याची अट ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्यांना पुरी करता येत नव्हती. त्यांच्या व एका दृष्टिहीन नागरिकाच्या याचिकांवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि ही प्रक्रिया सर्वांना सुलभ करण्याचे निर्देश दिले.

सुलभतेचा आदर्शही याच लखनौशी जोडलेला आहे. मुंबईचे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये येथे मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. आज ते त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. वकिलीचा व्यवसाय सोडून संगीताला वाहून घेतलेल्या या विद्वानाची स्वरलिपी पाहावी. शुद्ध स्वराला खूण नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकासाठी खाली बिंदू, तार सप्तकासाठी वर. अक्षरे विद्यार्थ्याच्या ओळखीची, खुणा मोजक्या आणि प्रत्येक खुणेचा अर्थ सर्वत्र एकच. लिपी गुरूची जागा घेत नाही, हे खरे. पण घरी एकट्याने वही उघडणाऱ्याची वाट ती चुकू देत नाही.

संगणक प्रणाली घडवणाऱ्यांनी हाच धडा घ्यावा. रोजची कामे पहिल्याच पानावर असावीत, एका कृतीला सर्वत्र एकच नाव असावे आणि चूक झाल्यास काय चुकले व पुढे काय करावे, हे साध्या मराठीत सांगितले जावे. प्रणाली सुरू करण्यापूर्वी ती शाखेतील चार ज्येष्ठ ग्राहकांना मदतीविना वापरण्यास द्यावी. ते जेथे अडखळतील, तेथे रचना चुकली असे मानावे. शाखेतील कर्मचारी हे अडखळणे रोज पाहतात. त्यांचे अनुभव रचनाकारांपर्यंत पोहोचलेच पाहिजेत. भूलभुलैया पाहण्यास लोक हौसेने जातात. स्वतःच्या कष्टाच्या पैशापर्यंत पोहोचण्यासाठी मात्र कोणालाही त्यातून जावे लागू नये.