पूर आला तरी शाळा भरलीच पाहिजे

जूनच्या मध्याला शाळा सुरू होते. पहिलीतली पोरं जेमतेम वर्गात रुळतात, तोवर कृष्णा-पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर येतं. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कोल्हापूर-सांगलीला महापुरानं गाठलं ते जुलै-ऑगस्टमध्येच. २०१९ साली सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे.

पूर ओसरला की घरांचे पंचनामे होतात, उसाचे होतात. बुडालेल्या शाळेच्या दिवसांचा पंचनामा कोणी करत नाही. पाणी उतरतं, पण वर्गातला गाळ तसाच असतो. कोरड्या गावातल्या शाळेत पूरग्रस्तांची छावणी असते. गुरुजी-बाई मदतकार्यात असतात, आणि २००९चा शिक्षण हक्क कायदा त्याला मुभाही देतो. पण तोच कायदा पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरवायला सांगतो. ते दिवस मुलांच्या हक्काचे आहेत. ऐपत असलेलं घर शिकवणी लावून निभावून नेतं. शेतमजुराच्या लेकराला गावच्या शाळेशिवाय दुसरा आधार नाही.

म्हणून शिरोळपासून पलूसपर्यंतच्या नदीकाठच्या प्रत्येक गावाला कळकळीची विनंती आहे. पुराची वाट पाहू नका. १ मेच्या ग्रामसभेत ठराव करा. छावणीसाठी आधी मंगल कार्यालयं आणि मोठी सभागृहं घ्या, शाळा सर्वांत शेवटी. घ्यावीच लागली, तर दोन खोल्या मुलांसाठी राखून ठेवा. छावणीत लोक स्थिरावले की लगेच वर्ग सुरू करा. त्यासाठी गावातल्या डी.एड. झालेल्या मुलामुलींची आणि निवृत्त शिक्षकांची यादी आत्ताच करा. जनरल रजिस्टर, पुस्तकं आणि पोषण आहाराचा तांदूळ पावसाळ्याआधी उंचावर हलवा. बुडालेले दिवस दिवाळीच्या सुट्टीत भरून काढायचे की रोज जादा तास घ्यायचे, हे शाळा व्यवस्थापन समितीनं शाळा विकास आराखड्यात आधीच लिहून ठेवावं.

पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या इथल्या लेकी-लेकांनो, तुमच्याकडेही मागणं आहे. पुराच्या पहिल्या आठवड्यात मदतीचे ट्रक भरभरून येतात. खरी निकड त्यानंतर असते. तेव्हा गाळ काढायला या, वह्या-दप्तरं आणा, भिजून फुगलेली बाकं दुरुस्त करून द्या. तुम्ही ज्या शाळेत शिकलात तिथल्या हेडमास्तरांना आजच फोन करा आणि काय लागेल ते विचारा.

बुडालेल्या रानात पुढच्या हंगामाला ऊस पुन्हा लावता येतो. पोराचं पहिलीचं वर्ष मात्र एकदाच येतं. ते वाचवणं आपल्या हातात आहे. ग्रामसभेला या, हात वर करून ठराव मंजूर करा, त्याची प्रत शाळेच्या भिंतीवर लावा आणि पुराच्या दिवसांत त्यातला शब्द न् शब्द पाळा.