मुलगी वैद्य होणार, पण कुठल्या कॉलेजातून?



बारावीचा निकाल, मग 'नीट'चा निकाल, मग सीईटी सेलच्या याद्या. पेरणीला सुरू झालेलं हे प्रकरण सोयाबीन काढणीला आलं तरी संपत नाही. एमबीबीएस थोडक्यात हुकलेली आपली पोरं बीएएमएसकडे वळतात आणि मग घरात खरी चर्चा सुरू होते, की नंबर लागतोय तो कुठे, आणि जायचं कुठे.

असंच एक पत्र समोर आहे. मुलीच्या धाकट्या काकांनी लिहिलंय. घरची सहा एकर कोरडवाहू. मुलीला सरकारी फेरीतून, म्हणजे 'कॅप'मधून, एक जुनं अनुदानित आयुर्वेद महाविद्यालय मिळालंय, पण ते घरापासून साडेतीनशे किलोमीटरवर. दुसरीकडे तालुक्यापासून तासाभराच्या अंतरावर एक नवं खासगी कॉलेज आहे. इमारत काचेची, दारात बस. तिथले लोक म्हणतात, मॅनेजमेंट कोट्यातून जागा देतो, आठ दिवसांत सांगा. आजीचं म्हणणं, पोर डोळ्यांसमोर राहू दे. वडील वीस गुंठे काढायला तयार झालेत. काका विचारतात, काय करावं?

काकासाहेब, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. 'नामांकित' कॉलेजची डिग्री वेगळी आणि साध्या कॉलेजची वेगळी, असं काही नसतं. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झालं. त्याला जोडलेल्या सगळ्या कॉलेजांची परीक्षा एकच, प्रश्नपत्रिका एकच आणि पदवीचा कागदही एकच. अभिमत विद्यापीठांचं तेवढं निराळं असतं, त्यांची परीक्षा त्यांचीच. तुमची दोन्ही कॉलेजं नाशिकला जोडलेली आहेत, म्हणजे साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर्षभराची इंटर्नशिप दोन्हीकडे सारखीच. मग फरक कशात? एक पैशात आणि दुसरा दवाखान्यात.

पैशाचं आधी उरकू, कारण तिथेच तुमचं गणित चुकतंय. राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असलेल्या, आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना ही सवलत आहे. पण ती कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या मुलीला. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की सवलत गेली. म्हणजे जी मुलगी जवळजवळ फुकटात शिकू शकते, तिच्यासाठी तुम्ही वीस गुंठे काढायला निघालाय! जमीन एकदा गेली की परत येत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

शुल्क माफ झालं तरी वसतिगृह, मेस, पुस्तकं, जाण्यायेण्याचा खर्च राहतोच. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ती अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. सहा एकर म्हणजे अल्पभूधारकाच्या मर्यादेपेक्षा थोडं वर जातं. पण सातबारा तिघा भावांत फोडलेला असेल तर वडिलांच्या नावावर किती आहे ते तलाठ्याकडे बघा आणि मगच आशा सोडा. अर्ज महाडीबीटीवर करायचा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला आणि जात वैधता आजच काढायला टाका. वैधतेपायी हातची जागा गेलेली घरं मी पाहिली आहेत.

बँकेच्या कर्जाबद्दलही पुष्कळांचा गैरसमज असतो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत सुरू होत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. समजा पहिल्या वर्षी २ लाख उचलले आणि व्याज १० टक्के, सरळ धरलं. साडेपाच वर्षं शिक्षणाची आणि एक सवलतीचं, अशी साडेसहा वर्षं झाली की त्या २ लाखांवरच १ लाख ३० हजार व्याज बसतं. पुढच्या वर्षांची उचल वेगळी. साडेसात लाखांपर्यंत बहुतेक बँका तारण मागत नाहीत. त्याच्या पुढे गेलात की जामीन किंवा जमिनीचा कागद, म्हणजे पुन्हा सातबारा आलाच.

आणि खासगी कॉलेज घ्यायचंच ठरलं, तर फी ऑफिसातल्या माणसाच्या तोंडून ऐकू नका. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आहे. प्रत्येक कॉलेजची मंजूर फी ते जाहीर करतं. त्यावर 'डेव्हलपमेंट'च्या नावाने वेगळी रक्कम हातात, पावतीशिवाय, कुणी मागितली तर ती देणगी झाली, आणि देणगी घेण्याला आपल्या राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. पावती नाही तर पैसा नाही, एवढं बोलायला शिका.

आता दवाखाना. माझ्या मते कॉलेज म्हणजे त्याचा दवाखाना, बाकी सगळं सजावट. वैद्य पुस्तकावर होत नाही, रोग्याच्या खाटेशेजारी होतो. २०१६ च्या नियमांत साठ जागांच्या आयुर्वेद कॉलेजला साठ खाटांचं रुग्णालय आणि बाहेरच्या विभागात दिवसाला सरासरी १२० रुग्ण लागायचे. नियमाच्या कागदावर रुग्ण असतात, खाटेवर असतातच असं नाही. तपासणीच्या आठवड्यात गावोगावच्या बाया-माणसांना जीपमध्ये घालून खाटांवर निजवण्याचे प्रकार काही ठिकाणी झालेत, हे आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक आहे. कुणीतरी त्या जीपमध्ये बसलेलंही असेल.

म्हणून न कळवता जा. रविवारी नको, सणाला नको. एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी दहाला दोघं जा आणि केसपेपरच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहा. तुमच्या केसपेपरवरचा नंबर बघा, दुपारी एकला दुसऱ्याच्या पेपरवरचा बघा, वजाबाकी करा. मग आत वॉर्डात चक्कर मारा. चादरीला घडी तशीच आहे की माणूस निजलेलं आहे? खाटेखाली डबा, चप्पल, पाण्याची बाटली आहे का? जिथे नातेवाईक भाकरी बांधून आलेत, तो वॉर्ड खरा. पंचकर्माच्या खोलीत तेलाचा वास यायला हवा, फिनेलचा नव्हे. प्रसूती होतात का, महिन्याला किती, हे तिथल्या सिस्टरला विचारा, प्राचार्यांना नको.

द्रव्यगुणाची बाग बघायला मात्र विसरू नका. इथे तुम्ही कुठल्याही तपासणी अधिकाऱ्यापेक्षा हुशार आहात. अडुळसा, गुळवेल, शतावरी, निर्गुंडी तुम्हाला पानावरून ओळखता येतात. पाटी आहे आणि झाड नाही, किंवा कालच कुंडीतून आणून खोचलंय, हे तुमच्या नजरेतून सुटणार नाही. ज्यांना एक बाग जगवता येत नाही ते बाकी काय शिकवत असतील याचा अंदाज घ्या. शरीररचनेला शवविच्छेदनासाठी देह मिळतो का, की नुसते प्लॅस्टिकचे सांगाडे, हेही शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा. चहाच्या टपरीवर ती मुलं खरं बोलतात. शिक्षक रोज येतात की फक्त हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवून जातात, तेही तिथेच कळेल.

जुनं असलं की चांगलंच, असंही नाही. पुण्याचं टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ चं, वरळीचं पोदार १९४१ चं. अशा ठिकाणी दवाखान्याला गर्दीची सवय असते आणि मुलांना ती आयती मिळते. पण जुन्या इमारतीत जागा रिकाम्या, शिक्षक निवृत्त आणि नवी भरती नाही, असंही आढळतं. तुम्हाला मिळालेलं कॉलेज कसं आहे ते एस.टी.त बसून बघून या. येण्याजाण्याचा खर्च वीस गुंठ्यांपेक्षा कमीच होईल.

दवाखान्यावर मी एवढा जोर का देतोय, तेही सांगतो. पूर्वी पदवी मिळाली की नोंदणी होत असे. २०२० च्या कायद्याने आयुर्वेदाच्या मुलांनाही इंटर्नशिपनंतर 'नेक्स्ट' ही परीक्षा आणली, आणि २०२१-२२ पासून प्रवेश घेतलेल्यांना ती लागू असल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. रोगी न बघता पास होणाऱ्यांची तिथे अडचण होणार. पुढे एमडी-एमएसला पुन्हा देशपातळीवरची प्रवेश परीक्षा आहेच.

शिवाय नोकरीचं बघा. आपल्याकडे २०१४ पासून धावणाऱ्या १०८ च्या रुग्णवाहिकेत बसणारे डॉक्टर बहुतेक बीएएमएस असतात. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, शाळा तपासायला येणाऱ्या पथकातले डॉक्टर, यांतही तीच मंडळी. रात्री दोनला सर्पदंशाचा माणूस समोर आला की कॉलेजची काचेची इमारत उपयोगी पडत नाही. म्हणून इंटर्नशिपला मुलं कुठे पाठवतात, ग्रामीण रुग्णालयात, जिल्हा रुग्णालयात, की कागदोपत्रीच, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारा. त्या वर्षात विद्यावेतन मिळतं का, तेही विचारून घ्या.

ॲलोपॅथीची औषधं देता येतील का, असंही तुम्ही विचारलंय. महाराष्ट्रात १९९२ च्या शासन आदेशाने आयुर्वेद पदवीधरांना, शिकले तेवढ्यापुरती, मुभा आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ही मुभा त्या त्या राज्याच्या कायद्यात असेल तरच धरायची. म्हणून सीमेपलीकडच्या राज्यात दवाखाना टाकायचा विचार असेल तर तिथला नियम आधी बघावा. पण मुलगी नुसती इंजेक्शनं द्यायला वैद्य होत असेल तर तो निराळा विषय आहे, त्यावर कधीतरी लिहीन.

राहिल्या आजी. त्यांची काळजी खोटी नाही, तिला हसून उडवू नका. आजींना एकदा घेऊनच जा. वसतिगृहात रात्री कोण असतं, पाणी किती वेळ येतं, संध्याकाळी दार किती वाजता लागतं, आजारी पडलं तर कोण बघतं, हे आजी आपल्या दोघांपेक्षा नेमकं विचारतील. त्या मुलींच्या खोलीत तासभर बसल्या तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. आणि मुलीला विचारलंत का? तुमच्या चार पानी पत्रात तिचं स्वतःचं म्हणणं कुठे दिसलं नाही. पहिल्या वर्षाला संस्कृत असतं, बारावी सायन्सच्या मुलांना ते जड जातं. तिची तयारी आहे का, तेही तिलाच विचारा.

माझं मत विचाराल तर, दूरच्या कॉलेजचा दवाखाना चालता असेल तर मुलीला तिकडेच पाठवा आणि वीस गुंठ्यांत यंदा हरभरा पेरा. तिथला वॉर्ड रिकामा दिसला, तर मॅनेजमेंट कोट्याकडे न वळता पुढच्या फेरीत जवळची कॉलेजं पसंतीक्रमात वर टाकून बघा. फक्त एक ध्यानात ठेवा. मिळालेल्या कॉलेजात रुजू होताना 'स्टेटस रिटेन्शन'चा एक फॉर्म पुढे करतात. तो भरला की पुढच्या फेऱ्यांतून नाव निघतं. घाईगर्दीत सही करू नका, आधी घरी फोन करा. आणि मूळ कागदपत्रं कॉलेजात जमा करण्याआधी प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स काढून ठेवा, बँकेला आणि महाडीबीटीला त्या लागतातच.