फॅमिली हिस्ट्रीचा रकाना

सकाळी साडेसहाला स्कूटी काढायची, बर्फाच्या लाद्यांची पेटी पायाशी ठेवायची आणि नवघर रोडवरून सुरुवात करायची, हे माझं बावीस वर्षांचं काम. घरोघरी जाऊन रक्त घेते. मीरा रोडचे टॉवर, भाईंदर पश्चिमेच्या जुन्या बिल्डिंगी, आठवड्यातून एकदा उत्तन. शीर सापडेपर्यंत माणसं बोलत राहतात. त्यात सगळ्यात जास्त कानावर येणारं वाक्य म्हणजे ‘शुगर आमच्या रक्तातच आहे हो.’ हल्ली मला त्याचा राग येतो. वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे.

माझ्या दादाचंच बघा. उंची साडेपाच फूट, वजन साठच्या आत, मनगट माझ्याहून बारीक. चौतिसाव्या वर्षी शुगर निघाली तेव्हा ओळखीच्या सगळ्यांचं एकच, ‘रिपोर्ट बदलला असेल, हा तर काडी आहे!’ पण शर्ट वर केला की बेंबीभोवती चिमटीत न मावणारी चरबी. आमच्यात त्याच्याआधी कुणाला शुगर नव्हती. म्हणजे, तपासली कुणाची होती?

दादाचा जन्म जानेवारी 1973 चा, माण तालुक्यातला. ‘बहात्तरच्या दुष्काळातला’ एवढं म्हटलं की आमच्याकडे पुढचं कुणी विचारत नाही. आई पोटुशी असताना दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि कामावर वाटायचे ती सुकडी, हेच तिचे डोहाळे. दादा किती वजनाचा झाला, ते कुणी मोजलं नाही. आई तळहात दाखवते, ‘एवढा.’

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे मोजलं. 1993 पासून त्यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांची गरोदरपणापासून नोंद ठेवली. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं हाडामांसाने किरकोळ, पण पाठीच्या कातडीखालची चरबी जवळपास गोऱ्या बाळांइतकीच. वरून बारीक, आतून जाड. याज्ञिकांनी पुढे स्वतःचंच उदाहरण दिलं. ते आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला. माझ्या दादाला मी तो दाखवला, तर म्हणाला, ‘आपल्यातला कोण ते सांगायला नको.’

जनुकांना काहीच अर्थ नाही, असं मी म्हणत नाही. या रोगाशी नातं असलेल्या जागा जनुकांत शेकड्यांनी सापडल्यात, फक्त एकेकीचा वाटा चिमूटभर. शिवाय जनुक म्हणजे वीजजोडणी, कुठला दिवा लागणार ते बटणावर. आईच्या पोटात असताना ही बटणं बरीचशी बसतात, आणि ती बसवायला जो रासायनिक माल लागतो त्याचा पुरवठा फोलेट आणि बी-12 च्या जोरावर चालतो. याच अभ्यासात ज्या आयांच्या रक्तात बी-12 कमी आणि फोलेट भरपूर, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला जुमानेनासं झालेलं दिसलं. मी रोज रक्त नेते. आमच्या भागातल्या शाकाहारी घरांतून दोनशेच्या खालचे बी-12 इतके येतात की आम्हाला त्याचं नवल उरलेलं नाही.

आम्ही 1989 मध्ये भाईंदरला आलो. तेव्हा इथली नगरपालिका चार वर्षांची होती आणि आजूबाजूला मिठागरं होती. दादा पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशला लागला. बारा तास मशीनपुढे बसून, रात्री दहाला वडापाव, त्यावर गोड चहा. माणच्या दुष्काळाची तयारी करून आलेल्या शरीराला हे भाईंदर भेटलं. ‘तोंडावर ताबा ठेव’ असं त्याला सांगणाऱ्यांनी चालायला जागा कुठे आहे, तेही सांगावं. नवघर रोडच्या फुटपाथवर मी स्कूटीसुद्धा लावू शकत नाही.

पोटभर खायला मिळालं म्हणजे फिटलं, असंही नाही. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास 2015 मध्ये आला. पुढच्या दोन पिढ्यांना व्यवस्थित खायला घालूनही त्यांच्यातला बिघाड निस्तरला नव्हता.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये एका कंपनीचा पोरगा आला होता. थुंकीवरून जनुकं तपासून डाएट देणार, बारा हजार रुपये. चौघांनी भरले. माझं म्हणणं, ते बारा हजार घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीवर घाला. तिचं हिमोग्लोबिन, तिचं बी-12 आज बघा, लग्न ठरल्यावर नको. याज्ञिकांच्या चमूनेही त्याच खेड्यांतल्या वयात आलेल्या मुला-मुलींना बी-12 देऊन बघायचं ठरवलं, ते उगाच नाही. आपल्याकडे बाईच्या रक्ताकडे बहुतेकदा लक्ष जातं ते दिवस गेल्यावर, आणि मुलग्याला तर कुणी फारसं विचारतच नाही.

परवा दादाच्या मुलीची गरोदरपणातली शुगर तपासायची होती. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून दिलं. नाक मुरडत म्हणाली, ‘आत्या, लिंबू तरी पिळ.’ पिळलं. दोन तास थांबायचं होतं. आई शेजारी बसून तिच्या केसांना तेल लावत होती. मी फॉर्म भरत होते. ‘फॅमिली हिस्ट्री’च्या रकान्यात ‘वडील, डायबेटिस’ लिहिलं आणि त्यापुढे जागा होती म्हणून लिहिलं, ‘आजी, 1972, खडीचं काम.’

दुपारी लॅबमधून कॉम्प्युटरवरच्या मुलीचा फोन आला. शुगर 128 आली होती, म्हणजे एकशे चाळीसच्या आत. ‘पण ताई, हे खडीचं काय लिहिलंय? कुठल्या कोडमध्ये टाकू?’

कोड नाही त्याला, म्हटलं. तसंच टाइप कर.