‘शेवटच्या’ माणसांचे साहित्य

काही दिवसांपूर्वी एका चर्चासत्रात एका प्राध्यापक मित्रांनी इंडोनेशियातील लामालेरा या गावाचा उल्लेख ‘मालमत्ता ही कल्पनाच ज्यांना शिवलेली नाही अशी माणसे’ असा केला आणि सभागृहाने समाधानाने मान डोलावली. मीही त्या वेळी गप्प बसलो. प्रस्तुत लेखन ही त्या गप्प बसण्याची उशिरा केलेली भरपाई आहे असे समजावे.

लामालेरा हे लेंबाता बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचे, सावू समुद्राकडे तोंड करून बसलेले लहानसे गाव. जमीन खडकाळ, शेती जवळजवळ नाहीच. गावकरी लाकडी होड्यांतून स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशांची शिकार करतात. नाळेवर उभा असलेला माणूस हातातल्या भाल्यासकट माशाच्या पाठीवर उडी घेतो. या उडीचे छायाचित्र जगभर पोचले आहे. उडीच्या आधी आणि नंतर काय असते ते मात्र छायाचित्रात मावत नाही, आणि माझे भांडण नेमके तिथे आहे.

त्या होडीला ‘तेना’ म्हणतात. लोखंडी खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्यांनी फळ्या जोडून ती बांधली जाते. ती एका माणसाची नसते, पण म्हणून ती ‘सर्वांची’ही नसते. ती एका कुळाच्या किंवा घराण्याच्या भागीदारांची असते. भागीदारी वंशपरंपरेने येते आणि तिच्याबरोबर होडीच्या डागडुजीची, शिडाची, दोरांची जबाबदारीही येते. मासा किनाऱ्याला ओढून आणला की त्याचे तुकडे मनाला येईल तसे होत नाहीत. भालाधाऱ्याचा वाटा वेगळा, वल्हेकऱ्यांचा वेगळा, भागीदारांचा वेगळा. होडी बांधणाऱ्या सुताराचा, भाल्याचे पाते घडवणाऱ्या लोहाराचा आणि शीड करणाऱ्याचाही हक्क ठरलेला. भूमीचे मूळ धनी मानल्या गेलेल्या कुळांना डोक्याचा भाग द्यावा लागतो, कारण आजचे बहुसंख्य गावकरी तिथे बाहेरून आले याची ती कायमची पोचपावती आहे. देवमाशाचे शरीर हा इथे एक नकाशा आहे, आणि त्यावरची प्रत्येक रेष कुणाच्या तरी मालकीची आहे. आर. एच. बार्न्स यांच्या ‘सी हंटर्स ऑफ इंडोनेशिया’ (१९९६) या ग्रंथात हे सारे कमालीच्या चिकाटीने नोंदलेले आहे. ग्रंथ जाडजूड आहे, रंजक नाही, आणि बहुधा म्हणूनच आमच्या प्राध्यापक मित्रांपर्यंत पोचलेला नाही.

त्यांच्यापर्यंत जे पोचते त्याला मी ‘शेवटच्या माणसांचे साहित्य’ म्हणतो. शेवटचे शिकारी, शेवटचे भटके, शेवटचे गुराखी. डग बॉक क्लार्क यांच्या २०१९ सालच्या पुस्तकाचे नावच मुळी ‘द लास्ट व्हेलर्स’. लेखकाने गावात दीर्घकाळ राहून कष्टाने लिहिले आहे, त्यात वैर आहे, कर्जे आहेत, घर सोडू पाहणाऱ्या मुली आहेत. त्या कष्टांची मला कदर आहे. परंतु उपशीर्षकात हे गाव दूरच्या पॅसिफिकमध्ये आणि ही जीवनपद्धती लोप पावणारी असते. सावू समुद्र दक्षिणेला हिंदी महासागराला मिळतो, म्हणजे लामालेरा एका अर्थी आपल्याच महासागराच्या काठावर आहे. ‘दूर’ कुणापासून, हा प्रश्न भारतीय वाचकालाही पडू नये याचे मला अधिक वाईट वाटते.

लामालेराविषयी लिहिताना ‘मोबी डिक’ची आठवण काढण्याचीही प्रथा आहे. काढावी, पण पूर्ण काढावी. मेल्व्हिलच्या या कादंबरीत (१८५१) जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वी इश्माएलच्या वाट्यावरून मालकांमध्ये घासाघीस होते आणि नफ्याचा तीनशेवा हिस्सा त्याच्या नावे लिहिला जातो. एकोणनव्वदावे प्रकरण तर भाला लागलेला मासा कोणाचा आणि सुटलेला कोणाचा या मालकीच्या कायद्यालाच वाहिलेले आहे. नॅन्टकेटच्या खलाशाला हिस्सा असतो, करार असतो, हिशेब असतो; लामालेराच्या खलाशाला फक्त धैर्य आणि निरागसता. हा फरक समुद्राने केलेला नाही, वाचणाऱ्याने केला आहे.

आणि आपण तरी असे का वाचावे? मराठी वाचकाला किनारा आणि मालमत्ता यांचे नाते कुणी शिकवण्याची गरज नाही. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’मधून (१९८७) खोती काढून टाका, मग काय उरेल? कोकणातल्या रापणीत जाळ्याच्या मालकाचा आणि ओढणाऱ्यांचा वाटा ठरलेला असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तेनाच्या भागीदारीचे नवल वाटू नये. आपल्या किनाऱ्यावर आपण भाऊबंदकी पाहतो आणि दुसऱ्याच्या किनाऱ्यावर ‘आदिम साम्यवाद’. याला सहानुभूती म्हणतात. मी आळस म्हणेन.

अर्थशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञांच्या एका गटाने पंधरा लहान समाजांत वाटणीचा एक खेळ खेळवला आणि २००१ साली निष्कर्ष मांडले. एकाने रक्कम वाटायची, दुसऱ्याने ती स्वीकारायची किंवा नाकारायची. नाकारली तर दोघांनाही काही नाही. लामालेरात देऊ केलेला सरासरी वाटा सुमारे ५८ टक्के निघाला, अर्ध्याहून अधिक. हा आकडा तेव्हापासून गावाच्या औदार्याचा दाखला म्हणून फिरतो. मला त्यात औदार्यापेक्षा सवय दिसते. एकट्याला देवमासा मारता येत नाही, तेव्हा ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काटेकोर वाटण्या केल्या त्यांचा हात वाटताना आखडत नाही.

प्रवासाचीही तीच गत. या प्रकारच्या लेखनात प्रवास फक्त लेखक करतो; गाव जागच्या जागी थांबलेले असते. वास्तविक गावाच्या मौखिक इतिहासाचा मोठा भाग म्हणजे प्रवासच आहे: सुलावेसीकडून निघून बेटामागून बेट ओलांडत, बुडालेल्या एका बेटावरून जीव वाचवून इथवर आलेल्या पूर्वजांचा. बायका वाळवलेले मांस डोक्यावर घेऊन डोंगरातल्या गावांत आणि वुलान्दोनीच्या बाजारात जातात आणि मका, केळी घेऊन परततात. मांसाच्या तुकड्याला किती मका हे दर ठरलेले. उडीच्या छायाचित्रात या बायका नसतात, पण गाव जेवते ते त्यांच्या पायांवर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅथलिक मिशन आले, शाळा आली आणि मुले बेटाबाहेर शिकायला जाऊ लागली. त्यांतला एक गोरिस केराफ (१९३६–१९९७), ज्याच्या व्याकरणाच्या आणि निबंधलेखनाच्या पुस्तकांवर इंडोनेशियात विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. याच गावात जन्मलेले सोनी केराफ १९९९ ते २००१ या काळात इंडोनेशियाचे पर्यावरणमंत्री होते. लोप पावणाऱ्या जमातीने देशाला व्याकरणकार आणि मंत्री द्यावा, हे त्या साहित्यप्रकाराच्या चौकटीत बसत नाही, म्हणून ते वगळले जाते किंवा तळटीपेत जाते.

हा वाद केवळ वाचनाचा असता तर मी इतका वेळ घालवला नसता. इंडोनेशियाच्या कायद्यात देवमासे संरक्षित आहेत. २०१४ साली मान्ता मासाही संरक्षित झाला, जो या गावाच्या उदरनिर्वाहाचा भाग होता. लामालेराच्या शिकारीकडे परंपरा म्हणून काणाडोळा केला जातो. सावू समुद्रात सागरी राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा गावकऱ्यांच्या विरोधानंतर लेंबाताचे पाणी त्यातून वगळले गेले. समुद्राच्या संरक्षणाची गरज मी नाकारत नाही, आणि देवमाशाविषयी माझे मनही कोरडे नाही. पण काणाडोळ्याची अट पाहा: तुम्ही जुने राहिलात तरच. होडीला इंजिन लावले की ‘परंपरा भ्रष्ट झाली’ अशी ओरड होते. वास्तविक इंजिन आल्यावर गावात वाद झाले, बैठका झाल्या, इंजिन कुठल्या शिकारीला चालेल आणि कुठल्या नाही याविषयी संकेत ठरले. ज्यांच्याजवळ मालकीचे नियम असतात तेच नियम बदलूही शकतात. ज्यांना आपण मालमत्ता माहीत नसलेली माणसे ठरवले, त्यांच्या हक्काविषयी बोलायला भाषाच उरत नाही. उरते ती दया, आणि ती केव्हाही काढून घेता येते.

चर्चासत्रानंतर चहाच्या वेळी मी त्या मित्रांना वाटण्यांची ही सगळी हकिकत सांगितली. ते म्हणाले, “असेल, पण त्याने त्या गावातले काव्य जाते.” मी त्यांना ‘मोबी डिक’चे एकोणनव्वदावे प्रकरण वाचायला दिले आहे. अजून उत्तर आलेले नाही.