चुंबक ताप ओळखेल, पण काचपट्टी हवीच

पाऊस लागला की जव्हार-मोखाड्यात तापाचे रुग्ण वाढतात. आशाताई पाड्यावर जाऊन बोटाला टोचते, काचपट्टीवर रक्त घेते. ती खोडाळ्यासारख्या आरोग्य केंद्रात पोहोचून सूक्ष्मदर्शकाखाली जाईपर्यंत वेळ जातो. म्हणून पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देणारी झटपट चाचणी मोलाची ठरली. पण फाल्सिपेरम मलेरियासाठी ही चाचणी एचआरपी-२ नावाचे प्रथिन शोधते, आणि काही परजीवींत त्याचे जनुकच नसते. मग चाचणी निगेटिव्ह, आणि पोर तापाने फणफणलेले!

यावरचा एक उपाय भौतिकशास्त्रातून आला आहे. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन खातो. उरलेले लोहयुक्त हीम त्याला विषारी असते, म्हणून तो त्याचे बारीक तपकिरी स्फटिक करून ठेवतो. हेच हिमोझोइन. १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरातला परजीवी ओळखू आला, तो याच रंगद्रव्यामुळे. लोहाच्या अणूंमुळे हे स्फटिक चुंबकाला प्रतिसाद देतात. रक्ताचा थेंब पातळ करून चुंबकीय क्षेत्रात ठेवला की ते एका दिशेला वळतात. त्यातून ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश, सोडला तर चुंबक असताना आणि नसताना तो वेगवेगळ्या प्रमाणात विखुरतो. हा फरक दिसला की मलेरियाचा संशय घ्यायचा.

अशी यंत्रे तयार झाली आहेत. ती आदिवासी तालुक्यांत जरूर यावीत, पण सूक्ष्मदर्शक कपाटात टाकून नव्हे. कोवळ्या परजीवीत हिमोझोइन फारच कमी असते. फाल्सिपेरमचे पिकलेले परजीवी तर बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात, बोटाच्या थेंबात मुख्यतः कोवळेच येतात. उलट उपचारानंतरही हे रंगद्रव्य पांढऱ्या पेशींत काही दिवस रेंगाळते. शिवाय परजीवी कोणत्या जातीचा, हे नुसत्या स्फटिकांवरून खात्रीने सांगता येत नाही. व्हायवॅक्सला यकृतात दडलेल्या परजीवींसाठी प्रायमाक्विन चौदा दिवस द्यावे लागते; फाल्सिपेरमला आर्टेमिसिनिनयुक्त गोळ्या लगेच सुरू कराव्या लागतात. ही निवड चुकली तर भोगतात लहान मुले आणि गरोदर बाया, बहुतेकींच्या अंगात आधीच रक्त कमी.

म्हणून एक पावसाळा हे यंत्र जव्हार आणि मोखाड्यात काचपट्टीच्या जोडीने वापरून पाहावे. वीज गेल्यावर आणि बिघडल्यावर त्याचे काय होते, तेही लिहून ठेवावे. खरेदी त्यानंतर. लॅब टेक्निशियनची रिकामी जागा भरायला मात्र पावसाळ्याची वाट पाहू नये.