थकलेला पगार म्हणजे मालकाची खैरात नव्हे

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १९७२ साली चोळन रोडवेज सुरू झाली. आज तेथे राज्य परिवहनाच्या एका महामंडळाचे मुख्यालय आहे. ९ जानेवारी २०२४ रोजी राज्यभरातील परिवहन कामगारांनी संप केला, तेव्हा निवृत्तांच्या महागाई भत्त्याची थकबाकी ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. मद्रास उच्च न्यायालयात सुनावणी होऊन दुसऱ्याच दिवशी संप स्थगित झाला.

संघटित कामगारांना स्वतःच्या पैशासाठी संप करावा लागतो. मग त्याच शहरातील पितळी भांड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या एकट्या कामगाराने काय करावे? तो दावा लावतो, तारखा पडत जातात. घरी चूल अडते. नेमक्या अशा वेळी मालक निरोप धाडतो : "निम्मे घे, सही कर, दावा काढून घे." नडलेला माणूस सही करतो. आम्ही त्याला दोष देत नाही. दोष त्याला एकटे सोडणाऱ्या आपल्या संघटनांचा आहे.

तडजोडीला आमचा विरोध नाही. जादा काम किती तास झाले, याबद्दल प्रामाणिक मतभेद असू शकतो आणि त्यावर बोलणी व्हावीत. पण दुप्पट दराबद्दल घासाघीस कसली? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही जादा कामाचा दर किमान दुप्पटच आहे. दाव्याची मुदत तीन वर्षे आहे आणि नोंदणीकृत युनियनला आपल्या सभासदाच्या वतीने दावा लावता येतो. पैसे दिले, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. मुख्य म्हणजे, कायद्याने देय असलेली रक्कम सोडून देण्याचा करार त्या मर्यादेत रद्दबातल ठरतो. चार नव्या संहितांबद्दल कामगार चळवळीचे आक्षेप कायम आहेत. तरी हातात आलेले हत्यार वापरलेच पाहिजे.

म्हणून आमचे शाखांना सांगणे आहे : सभासदाला बोलणीला एकटे पाठवू नका. हजेरीपत्रकावरून महिनावार हिशेब मांडा. मूळ पगार, जादा काम आणि भरपाई या रकमा वेगवेगळ्या लिहून घ्या. कोऱ्या कागदावर सही नको. बँकेत पैसे जमा झाल्याशिवाय दावा मागे घेऊ नका.

घाम गाळला तेव्हाच तो पैसा कामगाराचा झाला. तडजोडीत मालक उपकार करीत नाही, देणे फेडतो.