चूक पोटात न घालणारी काठी

बालदोस्तांनो,

विटीदांडू खेळताना एक गंमत तुमच्या लक्षात आली असेल. टोला नीट बसला, की विटी भिरभिरत लांब जाते आणि हाताला काही कळतसुद्धा नाही. पण टोला जरा इकडे-तिकडे बसला, की विटी तिथंच लोळते आणि मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. दांडू काही बोलत नाही, पण "चुकलं बरं का!" हे तो बरोबर सांगतो. हो की नाही?

आज अशाच एका खरं सांगणाऱ्या काठीची गोष्ट. ही काठी आहे गोल्फची.

गोल्फचा चेंडू लहानसा असतो. व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, असा नियमच आहे. तुम्ही म्हणाल, "बाई, क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो. इथं तर तो जमिनीवर गप्प पडलेला! त्याला मारायला काय लागतं?" पण थांबा. काठीच्या टोकाला लोखंडी पातं असतं आणि त्या पात्यावर एक छोटीशी जागा असते. चेंडू नेमका तिथं बसला, तरच तो सरळ आणि लांब जातो.

ही पाती दोन तऱ्हेची असतात. जुन्या तऱ्हेचं पातं पातळ आणि मागून सपाट. त्याला 'ब्लेड' म्हणतात. त्याचं वजन मधल्या भागात एकवटलेलं असतं. चेंडू कडेला लागला, की पातं हातात वळतं, चेंडू भलतीकडे जातो आणि हाताला झिणझिण्या येतात. दुसऱ्या तऱ्हेचं पातं मागून खोलगट असतं. त्याचं वजन कडांना वाटून दिलेलं असतं. चेंडू थोडा कडेला लागला, तरी ते फारसं वळत नाही. म्हणजे ही काठी आपली चूक पोटात घालते! वजन असं कडांना नेण्याची युक्ती पुढं आणणाऱ्यांमध्ये कार्स्टन सोल्हाइम यांचं नाव मोठं आहे. नॉर्वेत जन्मलेले हे अभियंते अमेरिकेत राहत. १९५९ साली घरच्या गॅरेजमध्ये त्यांनी आपली पहिली काठी बनवली. चेंडू लागला की ती 'पिंग' असा आवाज करी, म्हणून तिचं नावही पिंगच पडलं.

वजन कडेला नेल्यानं काय होतं? घरी करून पाहा. दोन सारख्या फूटपट्ट्या घ्या. एकीच्या मध्याजवळ दोन नाणी चिकटपट्टीनं चिकटवा. दुसरीच्या दोन टोकांना एकेक नाणं चिकटवा. आता पट्टी मध्यावर चिमटीत धरून भराभर इकडून तिकडे फिरवा. पहिली पट्टी चटकन वळते, दुसरी वळायला कुरकुर करते. वजन तेवढंच, फक्त जागा बदलली!

मग एवढी चांगली काठी असताना काही खेळाडू सरावाला मुद्दाम ब्लेड का घेतात? कारण चूक पोटात घालणारी काठी चूक दाखवतही नाही. ब्लेडनं पंधरा-वीस चेंडू मारले, की आपला फटका मध्यावर बसतोय की कडेला, हे हाताला कळतं. मग नेहमीची काठी घेऊन खेळायचं.

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर पेद्रेन्या नावाचं गाव आहे. तिथं १९५७ साली एका शेतकऱ्याच्या घरी सेव्हे बायेस्तेरोस जन्मला. तो आठ वर्षांचा असताना थोरल्या भावानं त्याला एक काठी दिली. तीन नंबरची. या काठीचा दांडा लांब आणि पातं जवळजवळ उभं असतं, त्यामुळे चेंडू उचलायला ती फार अवघड. सेव्हे तीच एक काठी घेऊन समुद्राच्या वाळूत तासन्‌तास चेंडू मारत बसे. (शाळा बुडवूनसुद्धा! हा भाग मात्र तुम्ही उचलायचा नाही.) उंच फटका, बुटका फटका, वळणारा फटका, सगळं त्याच काठीतून काढायला तो शिकला. १९७९ साली, बाविसाव्या वर्षी, त्यानं ब्रिटनची 'ओपन' स्पर्धा जिंकली. शेवटच्या दिवशी त्याचा एक चेंडू चक्क मोटारी उभ्या करण्याच्या जागेत गेला होता, तरी तो डगमगला नाही.

हे सगळं वाचून मलाही एकदा हुरूप आला. चौथीच्या वर्गात मी आठवडाभर सगळ्यांचे खोडरबर काढून घेतले. म्हटलं, आता मुलं विचार करून लिहितील. बरीचशी लिहूही लागली. पण एक मुलगी, जी एरवी पानभर निबंध लिहायची, ती दोन ओळींवर थांबू लागली. विचारलं, तर म्हणाली, "बाई, चुकलं तर पुसता येत नाही ना. म्हणून येतात तेवढेच शब्द लिहिते."

चूक माझीच होती. काठी अवघड दिली आणि वर मार्कांची भीतीही घातली! मग मी बेत बदलला. रोज फक्त दहा मिनिटं खोडरबराशिवाय लिहायचं. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि पुढं जायचं. त्या पानाला मार्क नाहीत. महिन्याभरात तिचा निबंध पुन्हा पानभर झाला. शिवाय रेघ मारलेले शब्द पाहून आम्हा दोघींनाही कळलं, की ती अडखळते फक्त ऱ्हस्व-दीर्घात. खोडरबरानं ते इतके दिवस झाकून ठेवलं होतं.

आईबाबांनाही एक विनंती. अवघड काठी सरावापुरतीच, थोडा वेळ आणि मुलाच्या मर्जीनं द्या. परीक्षेच्या नि सामन्याच्या दिवशी सोपी काठी घ्यायला काहीच हरकत नाही.

आणि दोस्तांनो, या आठवड्यात दहा मिनिटं खोडरबर दप्तरात ठेवून बघा. तुमची रेघ कुठल्या शब्दावर पडते?

तुमच्या बाई